वाहनाच्या पत्र्यावरील गंजाचे लहान डाग : ओळख आणि दुरुस्ती

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी धुऊन-पुसून पूजेसाठी तयार करताना अनेक घरांत पावसाळ्याचा खरा हिशेब पहिल्यांदा समोर येतो. मागच्या चाकाच्या कमानीवर रंग किंचित फुगलेला असतो, दाराच्या खालच्या कडेला तपकिरी रेघ उतरलेली असते, बॉनेटच्या पुढच्या टोकाला दगड लागून उडालेल्या टवक्यात तांबूस ठिपका बसलेला असतो. जूनमध्ये यांतले काहीच नव्हते, किंवा असले तरी डोळ्यांत भरण्याजोगे नव्हते. झेंडूचा हार त्या ठिपक्यावरून सोडला की तो दिवसभर झाकला जातो. पुढच्या पावसाळ्यानंतर मात्र त्याच जागी नखाएवढा फोड आणि आणखी एखाद-दोन वर्षांनी बोट जाईल एवढे भोक दिसण्याची शक्यता असते.

ठिपका वेळीच हाताळला तर काम दोन दिवसांचे आणि खर्च पॉलिशपेपर, प्रायमर व रंगाच्या छोट्या डब्यांपुरता. उशीर झाला तर पत्रा कापून नवा तुकडा जोडावा लागतो. ते काम वेल्डिंगचे, म्हणजे गॅरेजचेच. विम्याची येथे मदत होत नाही. नेहमीच्या पॉलिसीत अपघाताने झालेली हानी धरली जाते, झीज वगळलेली असते आणि गंज त्या झिजेतच मोडतो. गाडी विकायला काढली की जाणता गिऱ्हाईक आधी वाकून दाराखालची कड पाहतो, मग किंमत विचारतो.

रंगाखाली काय चालते

मोटारीचा बाहेरचा पोलादी पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. कारखान्यात त्यावर चढवलेले सगळे थर मिळून मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास भरतात: फॉस्फेटचा सूक्ष्म थर, विजेच्या प्रवाहाच्या साहाय्याने बुडवून बसवलेले अस्तर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि शेवटी पारदर्शक लॅकर. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत पत्र्यावर जस्ताचा मुलामाही असतो. हे जस्त स्वतः झिजते आणि पोलादाला वाचवते. म्हणूनच नव्या गाडीवरचा ओरखडा बरेच दिवस स्वच्छ राहतो आणि जुन्या गाडीवरचा आठवड्यात लाल होतो.

पोलाद गंजण्यासाठी प्राणवायू आणि पाणी दोन्ही लागतात. या दोहोंच्या संगतीत पत्र्यावर एक अतिसूक्ष्म बॅटरीच तयार होते: एका जागी लोखंड विरघळते, शेजारच्या जागी प्राणवायू खर्ची पडतो आणि मधल्या पाण्यातून विद्युतभार वाहत राहतो. पाण्यात मीठ असले की हे वहन सुलभ होते आणि लोखंडाचे विरघळणे वेगाने सुरू राहते. यातली एक गोष्ट दुरुस्ती करणाऱ्याने नीट ध्यानात घ्यावी. लोखंड विरघळते ते बहुधा प्राणवायू कमी पोचतो तेथे, म्हणजे रंगाच्या थराखाली, चिखलाच्या पापुद्र्याखाली, दोन पत्र्यांच्या जोडात. त्यामुळे वरून दिसणारा डाग हा गंजाचा मध्य असतो, त्याची सीमा नव्हे. हरभऱ्याएवढ्या ठिपक्याभोवती रंग सोलून पाहिला तर खाली सुपारीएवढा पत्रा काळवंडलेला सापडतो.

गंज ज्या लोखंडापासून बनतो त्याच्या दुप्पट ते सहापट जागा व्यापतो. रंग फुगतो तो यामुळे. फोड दिसला म्हणजे आत पुरेसा गंज साचलेला आहे. फोड दाबून बसवणे किंवा त्यावर रंगाचा हात फिरवणे व्यर्थ.

गोव्याची हवा

हवेतील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की उघडे पोलाद गंजू लागते, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. गोव्यात वर्षाचा बहुतेक काळ ती याहून अधिक असते. त्यात समुद्राच्या मिठाची भर पडते. या मिठात मॅग्नेशियमचे क्लोराइडही असते आणि ते बऱ्याच कोरड्या हवेतूनसुद्धा ओलावा ओढून घेते. पावसाळ्यात बरणीतले खडे मीठ जसे पाझरते, तसेच गाडीवर बसलेले मीठ अदृश्यपणे ओले होते आणि पत्र्यावरचे पाणी सुकूच देत नाही.

लाटा फुटतात तेथून उडणारे मीठ पहिल्या काही शे मीटरांत सर्वाधिक बसते आणि मग झपाट्याने कमी होते. म्हणून कळंगुट किंवा कोलवा येथे किनाऱ्यालगत रोज उभी राहणारी गाडी आणि फोंड्यात उभी राहणारी गाडी यांच्या पत्र्यांत काही वर्षांनी फरक दिसतो. तथापि आतल्या तालुक्यांतील मालकांनी निर्धास्त राहू नये. मांडवी आणि जुवारी या नद्यांत भरतीचे खारे पाणी उन्हाळ्यात पुष्कळ आतपर्यंत चढते. रायबंदर–चोडणसारख्या धक्क्यांवर फेरीबोटीत गाडी चढवताना-उतरवताना चाके खाऱ्या पाण्यातून जातात आणि ते थेट कमानीच्या आतल्या कडेवर उडते. मासळीच्या गाड्यांतून रस्त्यावर गळणारे पाणीही खारेच असते. घाटाच्या पायथ्याशी, सत्तरी-सांग्यात, मीठ कमी पण पाऊस आणि लाल चिखल अधिक. हा चिखल कमानीच्या दुमडलेल्या कडेत बसला की आठवडेच्या आठवडे ओला राहतो. (या मातीचा लाल रंगही लोखंडाच्या ऑक्साइडचाच, जांभ्याच्या प्रदेशात गंज जमिनीपासूनच सुरू होतो म्हणायला हरकत नाही.)

किनाऱ्यावर वाहन नेणे गोव्यात बेकायदेशीर आहे, तरी वाळूत रुतलेल्या आणि भरतीत सापडलेल्या गाड्यांच्या बातम्या थांबत नाहीत. अशी गाडी पुढे विक्रीला येऊ शकते. वापरलेली गाडी घेताना पायाखालचा गालिचा उचलून त्याखाली वाळू, आसनाच्या बोल्टांवर गंज आणि सुट्या चाकाच्या खळग्यात पाण्याची रेघ आहे का, हे पाहावे. समुद्राचे पाणी आत गेलेल्या गाडीला पुढील मजकुरातील कोणताही उपाय पुरा पडत नाही.

डाग कोणत्या अवस्थेतला

पांढऱ्या गाडीवर अंगभर पसरलेले बारीक नारिंगी ठिपके हा बहुधा पत्र्याचा गंज नसतोच. ग्राइंडरच्या ठिणग्या, ब्रेकची भुकटी, रेल्वेमार्गालगतची लोखंडी धूळ असे कण बाहेरून येऊन लॅकरमध्ये रुततात आणि स्वतः गंजतात. घराशेजारी लोखंडी गेट आणि खिडक्यांचे काम चालत असेल तर कारण शोधायला लांब जावे लागत नाही. गाडी धुऊन, पाणी मारत क्ले बार हलक्या हाताने फिरवला किंवा लोखंडी कण विरघळवणारा द्रव फवारून धुतला की ठिपके जातात. हा द्रव कणाला लागताच जांभळा होतो, ही त्याची खूण. येथे पॉलिशपेपर लावणे म्हणजे चांगला रंग वाया घालवणे होय.

खरा गंज तीन अवस्थांत भेटतो. रंगाचा टवका उडून पत्रा वरवर लाल झालेला असतो, पण नख फिरवले तर गुळगुळीत लागतो. ही पहिली अवस्था. दुसरीत रंग फुगलेला, खाली पापुद्रे आणि पत्र्याला देवीच्या व्रणांसारखे खळगे पडलेले असतात. तिसरीत पत्रा संपलेला असतो. दुसरी की तिसरी हे पेचकसाच्या टोकाने ठरते. फोडाच्या मध्यावर टोक दाबावे. खुटखुट आवाज आला आणि पत्रा टणक लागला तर दुरुस्ती घरी होऊ शकते, टोक आत गेले किंवा पत्रा पापडासारखा चुरचुरला तर नाही. पुष्कळजण हे करायला धजत नाहीत, कारण भोक पडेल याची भीती वाटते. ते भोक पेचकसाने पाडलेले नसते.

फोड दाराच्या किंवा डिकीच्या अगदी खालच्या कडेला असेल तर गंज आतून बाहेर आला असण्याचा संभव अधिक. दाराच्या पोकळीत काचेच्या फटीतून पावसाचे पाणी नेहमीच उतरते. ते बाहेर जाण्यासाठी तळाला लहान भोके ठेवलेली असतात. ती माती, पाने आणि धुण्याच्या साबणाच्या गाळाने बुजली की दार म्हणजे पाण्याची टाकी होते. दार हलवल्यावर आत पाणी खळखळत असेल तर रंगाच्या डब्याआधी सायकलच्या तारेचा तुकडा हातात घ्यावा.

काही जागा घरगुती कामातून पूर्णपणे वगळाव्यात. दारांखालचा लांबलचक उंबरठा, ज्याला गॅरेजमध्ये सिल म्हणतात. आसनपट्टे जेथे बोल्टाने आवळलेले असतात तो भाग. सस्पेन्शनचे टेकू, चॅसी, ब्रेकच्या नळ्या, इंधनाच्या टाकीची मान. हे भाग गाडीचा भार पेलतात किंवा अपघातात माणूस वाचवतात. तेथील भोकात पुट्टी भरून वर रंग देणे ही दुरुस्ती नसून फसवणूक आहे, मग ती गिऱ्हाइकाची असो की स्वतःची. वापरलेली गाडी पाहताना रुमालात गुंडाळलेला लहान चुंबक अशा कडांवरून फिरवावा. जेथे तो सैल पडतो तेथे रंगाखाली पुट्टीचा जाड थर आहे. बंपर प्लॅस्टिकचे आणि काही गाड्यांचे बॉनेट ॲल्युमिनियमचे असते, एवढे मात्र लक्षात ठेवून.

मुहूर्त

गोव्यात या कामाला चतुर्थीच्या आधीचा काळ सर्वांत वाईट, आणि गाडी चकचकीत करण्याची घाई नेमकी तेव्हाच असते. भर ओलाव्यात स्प्रे कॅनमधला रंग मारला तर थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दव धरते आणि रंग दुधाळ पांढरा पडतो. त्याहून वाईट म्हणजे ओलावा प्रायमरखाली कोंडला जातो. रंगकामातला जुना नियम असा की पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी वर असावे. साध्या भाषेत, गाडीवर हात फिरवला असता दमटपणा जाणवू नये. डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम, सकाळी दहाच्या पुढे दव उडाल्यावर; उन्हात तापलेल्या पत्र्यावर मात्र नव्हे, तर सावलीत. सावली माडाची नको. शहाळे-नारळ पडून पोचा आला की त्याच्या कडेला रंग तडकतो आणि नवा ठिपका तयार होतो.

पावसाळ्यातच टवका उडाला तर पूर्ण दुरुस्तीचा हट्ट धरू नये. जागा गोड्या पाण्याने धुऊन, हेअर ड्रायरने कोरडी करून त्यावर मेणाचा किंवा ग्रीसचा जाडसर लेप द्यावा आणि तो दर पंधरवड्याला पाहावा. हे दिसायला कुरूप असले तरी ऑक्टोबरपर्यंत पत्रा तगतो.

काम

प्रथम डागाभोवतीचा हातभर भाग साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवावा. खाडीकाठच्या घरांत विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. असे पाणी या कामाला वापरू नये, नळाचे वापरावे. कोरडे झाल्यावर मेण आणि तेलाचा अंश काढण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा रंगाच्या दुकानातील डीग्रीझर धागे न सुटणाऱ्या सुती कापडावर घेऊन पुसावे. पॉलिशपेपर लावण्यापूर्वी हे करायचे, नंतर नाही. नाहीतर मेणच घासून पत्र्यात बसते. पेट्रोलने पुसण्याची सवय दोन कारणांनी वाईट: ते तेलकट अंश मागे ठेवते आणि पेटते.

भोवती मास्किंग टेप लावावी, पण डागाला अगदी खेटून नव्हे. चारही बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर जागा मोकळी हवी, कारण गंज तेवढा पसरलेला असू शकतो. मग ८० क्रमांकाच्या पॉलिशपेपरने किंवा वायर ब्रशने फुगलेला रंग व सुटे पापुद्रे काढावेत. डोळ्यांवर चष्मा, नाका-तोंडावर धूळ अडवणारा मास्क हवाच. ड्रिलला लावलेल्या वायर ब्रशच्या तारा सुटून गोळीसारख्या उडतात. फार जुन्या गाडीच्या रंगात आणि अस्तरात शिसे असू शकते. लोखंडाला शेंदराचे अस्तर देण्याची पद्धत एकेकाळी सर्वत्र होती आणि शेंदूर हे शिशाचेच ऑक्साइड. अशा गाडीचा रंग कोरडा घासू नये, मुले खेळतात त्या अंगणात तर नाहीच.

थांबायचे कोठे? चारही बाजूंना घट्ट, न फुगलेला रंग आणि त्याच्या कडेशी चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. कडेला काळी रेघ रंगाखाली शिरताना दिसत असेल तर अजून पुढे जायचे. निम्मी दुरुस्ती येथेच फसते, कारण हरभऱ्याएवढा डाग काढता काढता तळहाताएवढा पत्रा उघडा होताना पाहून हात थबकतो.

खळगे पडलेले असतील तर त्यांच्या तळाशी काळसर गंज उरतो. तो पॉलिशपेपरला लागत नाही. त्या खळग्यांत मीठही असते. म्हणून घासल्यानंतर जागा पुन्हा गोड्या पाण्याने ब्रश मारून धुवावी आणि लगोलग गरम हवेने वाळवावी. उघड्या पत्र्याला पाणी लावायचे म्हटले की पुष्कळांना विचित्र वाटते, पण मीठ पाण्याशिवाय निघत नाही आणि मिठासकट प्रायमरखाली गेलेला पत्रा वर्षभरात पुन्हा फुगतो. किनाऱ्यालगतच्या गावांत ही एक पायरी सोडली तर बाकीची मेहनत वाया जाते.

उरलेल्या गंजासाठी गंजरोधक द्रव मिळतात. त्यांचे मुख्यतः दोन प्रकार. फॉस्फोरिक आम्लाचा द्रव गंज विरघळवतो आणि पत्र्यावर लोह-फॉस्फेटचा करडा थर ठेवतो. टॅनिक आम्लाचा द्रव गंजाशी संयोग पावून निळसर-काळा, पाण्यात न विरघळणारा थर बनवतो. हिरडा आणि हिराकस एकत्र करून शाई बनवत, त्या शाईचा काळेपणा याच संयोगाचा; हिरड्यात टॅनिन विपुल असते. दोन्ही द्रव सुटा गंज काढल्यानंतरच लावायचे. पापुद्र्यावर लावला तर वरचा थर काळा होतो आणि आतला गंज तसाच राहतो. स्वच्छ पत्र्यावर टॅनिनचा काही उपयोग नाही, त्याला धरायला गंजच नसतो. फॉस्फोरिक आम्ल वापरले तर डब्यावरील सूचनेप्रमाणे ते पूर्ण धुऊन काढावे. आम्लाचा अंश मागे राहिला तर त्यावरचे इपॉक्सी प्रायमर नीट कडक होत नाही. लिंबू, व्हिनेगर आणि कोला पेये यांचे प्रयोग घरोघर चालतात. त्यांतही आम्लच असते आणि भांड्यावरचा डाग त्याने निघतो, पण गाडीच्या जोडांत शिरलेले लिंबू किंवा साखरेचे पाणी धुऊन निघत नाही.

यानंतर १८० आणि मग ३२० क्रमांकाच्या पेपरने रंगाची कड उतरती करावी. डोळे मिटून बोट फिरवले असता पत्रा आणि रंग यांमधली पायरी लागता कामा नये. पेपर लाकडी गुटक्याभोवती गुंडाळला तर पृष्ठभाग सपाट राहतो. नुसत्या बोटांनी घासले तर बोटांच्या चऱ्या उमटतात आणि त्या तकतकीत रंगाखाली ठळक दिसतात.

आता घाई करायची. स्वच्छ उघडा पत्रा किनारी हवेत काही तासांत पुन्हा तांबूस होतो, म्हणून प्रायमर त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात लागला पाहिजे. उघड्या पोलादावर दोन डब्यांचे इपॉक्सी प्रायमर सर्वांत भरवशाचे. त्यातील मूळ द्रव आणि हार्डनर डब्यावर दिलेल्या प्रमाणात मिसळावेत, अंदाजाने नव्हे. लहान जागेला ते मऊ ब्रशनेही लावता येते, दोन पातळ हातांत. एका डब्यातील साधे प्रायमर किंवा रेड ऑक्साइड स्वस्त पडते आणि गेटला ठीक असते. स्प्रे कॅनमधील पुष्कळशी साधी प्रायमरे मात्र सच्छिद्र असतात, पाणी झिरपू देतात. त्यांवर रंग व लॅकर चढवेपर्यंत गाडी पावसात किंवा दवात उभी करू नये.

खोलगट जागा भरायची तर पुट्टी या अस्तरावर द्यावी, उघड्या पत्र्यावर नव्हे. पॉलिएस्टर पुट्टी पाणी शोषते. पत्र्याला थेट लावलेली पुट्टी आतून ओल धरते आणि मग पुट्टीची अख्खी वडी सुटून हातात येते. इपॉक्सी वाळल्यावर पृष्ठभाग किंचित खरवडून पुट्टीचा पातळ थर ओढावा. तिच्यात हार्डनर साधारण दोन टक्के पुरतो. लवकर वाळावी म्हणून तो जास्त घातला तर पुट्टी चिरते, शिवाय पुढे रंगावर पिवळट डाग उमटतो. गोव्याच्या उकाड्यात मिसळलेली पुट्टी काही मिनिटांत घट्ट होते, म्हणून एका वेळी लिंबाएवढीच कालवावी. ती कोरडीच घासावी, पाणी मारून नाही. वर पुन्हा प्रायमर. मग ४००, ६०० आणि शेवटी ८०० क्रमांकाचा वॉटरपेपर पाण्यासह. आता पत्रा झाकलेला असल्याने पाण्याची भीती नाही.

रंग आणि लॅकर

रंग नावाने नव्हे, क्रमांकाने घ्यावा. पांढऱ्याच्या अनेक छटा असतात आणि एकाच कंपनीच्या दोन वर्षांच्या गाड्यांत त्या वेगळ्या निघतात. रंगाचा संकेतांक चालकाच्या दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. नसल्यास चॅसी क्रमांकावरून कंपनीच्या वितरकाकडे कळतो. तरीही उन्हाने उतरलेल्या जुन्या रंगाशी नवा रंग तंतोतंत जुळेलच असे नाही. लाल रंग लवकर फिका पडतो. रुपेरी आणि इतर मेटॅलिक रंगांत तर चकमकीत कण कोणत्या दिशेने बसले यावरही छटा ठरते, त्यामुळे ब्रशने लावलेला मेटॅलिक रंग नेहमीच ठिगळासारखा दिसतो. ते पसंत नसेल तर पत्र्याचे काम घरी करून रंग तेवढा रंगाऱ्याकडून घेणे हा शहाणा तोडगा आहे.

मोहरीएवढ्या टवक्याला फवारा लागतच नाही. बारीक ब्रश किंवा दात कोरायच्या काडीच्या टोकाने रंगाचा थेंब खळग्यात सोडावा, वाळून बसला की दुसरा, असे भोवतालच्या पातळीपर्यंत भरावे आणि वर लॅकरचा थेंब द्यावा. मोठ्या जागेसाठी स्प्रे कॅन पत्र्यापासून २० ते २५ सेंटिमीटरवर धरून, हात न थांबवता सरकवत, तीन-चार पातळ थर द्यावेत. दोन थरांत दहा-पंधरा मिनिटांचे अंतर. पहिल्या थरात खालचे अस्तर दिसत राहते, ते दिसू द्यावे. मास्किंग टेपची कड मुडपून अर्धी उभी ठेवली तर रंग विरळ होत संपतो आणि सरळ रेघ उमटत नाही. लॅकर रंगापेक्षा थोडे अधिक पसरवायचे असते. दोन दिवसांनी २००० क्रमांकाचा वॉटरपेपर भरपूर पाण्यासह हलकेच फिरवून रबिंग कंपाउंडने झळाळी आणावी. मेण मात्र महिनाभर लावू नये, रंगातील उरलेला थिनर बाहेर पडायला तेवढा अवकाश लागतो.

गॅरेजात वापरतात त्या दोन घटकांच्या लॅकरच्या आणि पॉलियुरेथेन रंगांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याची वाफ श्वासावाटे गेल्यास दम्याचा कायमचा विकार जडू शकतो आणि साधा कापडी मास्क ती अडवत नाही. बाहेरून हवा पुरवणाऱ्या मुखवट्याशिवाय ते फवारू नये. घरच्या पोर्चमध्ये त्याचा प्रयोग नकोच. आपल्याकडील अनेक लहान गॅरेजांत रंगारी तोंडाला रुमाल बांधून हे काम वर्षानुवर्षे करतात. त्याची दखल कोणी घेत नाही.

पत्र्याचा तेवढाच तुकडा त्याच रंगात रंगवला तर नोंदणीपत्राशी काही संबंध येत नाही. डाग फार झाले म्हणून गाडीचा रंगच बदलायचा ठरला तर मात्र नोंदणीपत्रात रंगाची नोंद असते, आणि वाहतूक कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी लागते.

दुचाकी

ज्या राज्यात मोटारसायकलचे पायलट प्रवाशांना ने-आण करतात तेथे दुचाकीचा गंज हा निव्वळ दिसण्याचा प्रश्न नसतो. मोटारसायकलची साखळी, आऱ्यांची चाके आणि सायलेन्सर प्रथम गंजतात. स्कूटरचा तळपत्रा रबरी चटईखाली गुपचूप सडतो, कारण चटई ओल धरून ठेवते. ती महिन्यातून एकदा काढून खालचा पत्रा पुसावा. सायलेन्सर तापत असल्याने त्यावर साधे इपॉक्सी किंवा रंग टिकत नाही, उष्णता सोसणारा रंगच लागतो. क्रोमच्या मुलाम्यावरचे ठिपके ॲल्युमिनियमच्या चुरगळलेल्या वर्खाने पाणी लावून घासले तर पुष्कळ निघतात, पण मुलामा सुटलेला असेल तर ते परत येतात. स्टँड आणि मुख्य फ्रेम यांच्या जोडावर खळगे दिसले तर मेकॅनिकला दाखवावे.

तळाचे काळे लेपन

मे महिना आला की गाडीच्या तळाला काळे रबरी लेपन करण्याच्या जाहिराती सुरू होतात. नव्या, कोरड्या, स्वच्छ तळाला ते उपयोगी पडते. जुन्या गाडीला, आधीच सुरू झालेल्या गंजावर आणि अर्धवट धुतलेल्या चिखलावर ते मारले तर गंज झाकला जातो आणि ओल कोंडली जाते. लेपन काही वर्षांत कडक होऊन चिरते, फटीतून पाणी शिरते, आणि वरून सारे काळेभोर व अभंग दिसत असताना आतला पत्रा संपतो. लेपनाआधी तळ उचलून, धुऊन, दोन दिवस वाळवून, गंज काढून प्रायमर देणार का, असे विचारावे. तासाभरात गाडी परत मिळेल असे उत्तर आले तर दुसरे गॅरेज पाहावे. जळके इंजिन ऑइल तळाला फवारण्याची जुनी रीत आता सोडलेली बरी. ते रबरी बुश फुगवते आणि पहिल्या पावसात विहिरीच्या दिशेने वाहते.

मडफ्लॅप, स्टीलच्या पट्ट्या, जादा दिवे बसवताना दुकानदार पत्र्याला ड्रिल मारतो आणि उघड्या भोकात स्क्रू पिळतो. हे प्रत्येक भोक दोन पावसाळ्यांत गंजाचा उगम ठरते. बसवणाऱ्याला क्षणभर थांबवून भोकाच्या कडेला प्रायमरचा थेंब लावून घ्यावा. प्लॅस्टिकचे आच्छादन पावसाळ्यात गाडीवर घालू नये. हवा खेळणारे कापडी चालेल, तेही गाडी कोरडी असताना.

पुन्हा आलेला फोड

दुरुस्त केलेली जागा पहिल्या पावसानंतर आणि पुन्हा दिवाळीच्या सुमारास तिरप्या उजेडात पाहावी. दुरुस्तीच्या कडेला फोड आला असेल तर रंग पुरेसा मागेपर्यंत काढला नव्हता. मधोमध आला असेल तर खळग्यांत मीठ राहिले किंवा गंज आतल्या बाजूने येत आहे. पहिल्या प्रकारात तेच काम थोडे रुंद करून पुन्हा होते. दुसऱ्यात दाराचे आतले पॅनल काढून विजेरीने पोकळी पाहावी लागते.

पत्रा आतून सडलेला आढळला तर तेवढा भाग कापून नवा तुकडा वेल्ड करणे एवढाच मार्ग उरतो. फायबरची जाळी आणि पुट्टी लावून भोक बुजवता येते, पण गंज थांबत नाही. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची जोडणी काढली आहे ना, आणि जवळचे गालिचे व वायरिंग हलवले आहे ना, हे मालकाने स्वतः पाहावे. वेल्डिंगने आतल्या बाजूचा मुलामा जळून जातो आणि बाहेरून कितीही सुंदर रंग दिला तरी पोकळीतला जोड उघडाच राहतो. तेथे लांब नळीने पोकळीचे मेण फवारावे लागते. हे मेण मूळचे पातळ असते, जोडाच्या फटींत शिरते आणि मग घट्ट होते. दाराच्या तळाच्या भोकांतून ते टपकू लागले म्हणजे कडेपर्यंत पोचले. टपकणे थांबल्यावर ती भोके तारेने पुन्हा मोकळी करून घ्यावीत.